कढीपत्ता आणि हायपो

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, तुझी ती वरची मोरी उघडली तर चालेल का?"

त्याला कुठूनतरी जुना फिल्म कॅमेरा मिळालाय. चार रोल काढून झालेत आणि आता फोटो स्वतःच धुवायचे आहेत म्हणे. मी म्हटलं, उघड की! एनलार्जर कापडाखाली झाकलेला आहे, ट्रे माळ्यावर आहेत. फार बरं वाटलं. मग जेवण झालं, आडवा झालो, आणि अकरा वाजता उठून त्याला पुन्हा फोन केला, की बाबा रे, मी येईपर्यंत तिथल्या एकाही बाटलीचं झाकण उघडू नकोस.

हे लिहायला बसलोय ते त्याच्यासाठी. पण घरातल्या बाकीच्यांनीही वाचावं. 'वर कसले उद्योग चालतात' असं तुम्ही वर्षानुवर्षं विचारलंत आणि मी कधी धड उत्तर दिलं नाही.

आमचं घर नवीन जालन्यातलं, जुन्या बांधणीचं. वरच्या मजल्यावर एक मोरी होती, कोणी न वापरणारी. तिला नळ नव्हता आणि खिडकी हातभर. त्या खिडकीला काळं कापड ठोकलं की भर दुपारी मध्यरात्र. एका ओळखीच्या स्टुडिओवाल्यांनी दुकान बंद करताना एनलार्जर मला जवळजवळ फुकटच दिला आणि सोबत अर्धवट बाटल्यांचा एक खोका. कित्येकांवरची चिठ्ठी उडालेली. खरा धोका त्या खोक्यातच होता हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा मी भलत्याच गोष्टींना घाबरत होतो. एका डबीवर 'पोटॅशियम फेरीसायनाइड' असं लिहिलेलं होतं. लाल स्फटिक. सायनाइड म्हटल्यावर हातच लागेना! नंतर वाचून कळलं की त्यातलं सायनाइड लोखंडाशी घट्ट बांधलेलं असतं, तीव्र आम्ल किंवा फार उष्णता यांच्या नादी लावलं नाही तर ते गप्प बसतं. त्याच खोक्यात केशरी रंगाचं पोटॅशियम बायक्रोमेट होतं. जुने लोक त्यानं ट्रे स्वच्छ करायचे. नाव कसं साधं! पण त्यातलं क्रोमियम कॅन्सर करणारं आहे, त्वचेला जखमा करतं. ते मी काही दिवस उघड्या हातानं हाताळलं. म्हणजे नावावरून विष ओळखायला गेलो तर फसगत ठरलेली.

डेव्हलपर मी घरीच बनवायचो. डी-७६ चं माप अजून पाठ आहे: एक लिटर पाण्याला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. अंगात मुरण्याआधी ही पावडर नाकात जाते, हे ध्यानात ठेव. पंखा बंद करून, तोंडाला मास्क लावून, खाली ओला कागद पसरून तोलायचं. सांडलेलं तेव्हाच ओल्या फडक्यानं पुसायचं, नाहीतर वाळतं आणि दर वेळी दार उघडलं की उडतं. आणि तो काटा पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचा नाही. (मी नेला होता. आईला हे आज इथेच कळतंय.)

पहिली दोन वर्षं मी प्रिंट बोटांनीच हलवायचो. जुने फोटोग्राफर तसंच करायचे ना. दादासाहेब फाळक्यांनी १९१२-१३ साली दादरच्या घरात 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा सरस्वतीबाई रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडायच्या, रसायनं मिसळायच्या, फिल्म धुवायच्या. आपल्या सिनेमाची पहिली प्रयोगशाळा म्हणजे एका संसारी बाईचं घर. पूर्वी हे वाचून मला कौतुक वाटायचं. आता आधी त्यांचे हात डोळ्यांसमोर येतात.

कारण तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मग भेगा, मग पाणी. मी साबण बदलला, तेल बदललं. मेटॉल होतं ते. ते एकदा का तुमच्या कातडीला सोसेनासं झालं की आयुष्यभर सोसत नाही, पुढे थेंबभर लागलं तरी तोच प्रकार. म्हणून चिमटे वापर, प्रत्येक ट्रेला वेगळा, आणि वर नायट्रिलचे हातमोजे. जमलं तर मेटॉल नसलेला डेव्हलपरच आण, फेनिडोन आणि 'क' जीवनसत्त्वाचा मिळतो. गंमत म्हणजे हायड्रोक्विनोन कातडीचे डाग घालवायच्या मलमात असतं, डॉक्टर लिहून देतात. म्हणजे औषधही तेच आणि उपद्रवही तोच, सगळं मापावर.

स्टॉप बाथचं थोडक्यात. मी ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड आणलं होतं. डिसेंबरातल्या एका सकाळी बघतो तर बाटलीत बर्फ! ते १६-१७ अंशांच्या खाली गोठतं आणि आमच्याकडची थंडी त्याला पुरते. ते वितळवायला मी बाटली उन्हात ठेवली आणि झाकण उघडून वास घेतला... असो. पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी कधीच नाही, एवढं शाळेत शिकलायसच. पण तू त्या वाटेला जाऊच नकोस. वाण्याकडून लिंबूसत आण, लिटरला पंधरा ग्रॅम. काम तेच होतं आणि नाक शाबूत राहतं. खिडकीत मात्र एक्झॉस्ट पंखा बसव. फिक्सरमधून सल्फर डायऑक्साइड सुटतो, मे महिन्यात तर जास्तच, आणि तुला लहानपणी दमा होता हे विसरू नकोस.

आता बाटलीची गोष्ट. ही तुझीच आहे, तुला आठवत नसेल. २०१२ ची उन्हाळ्याची सुट्टी, तू सहा वर्षांचा. वापरलेला डेव्हलपर हवा लागून तपकिरी होतो, थेट कोल्ड्रिंकसारखा. आणि मी तो ठेवला होता कोल्ड्रिंकच्याच बाटलीत, कारण ती फुकट मिळते आणि झाकण घट्ट बसतं. तू वर आलास, बाटली उचललीस, आणि झाकण तुझ्यानं उघडेना म्हणून माझ्याकडे घेऊन आलास. "मामा, उघडून दे." बस्स, एवढंच झालं. झाकण घट्ट होतं म्हणून. त्या रात्री खाण्यापिण्याच्या सगळ्या बाटल्या बाहेर गेल्या, मोरीला कडी-कुलूप आलं आणि मला वाटलं, चला, आता आपण शहाणे झालो.

मग २०१३ उजाडलं. आदल्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. ज्या घाणेवाडीच्या तलावावर नव्या जालन्याची तहान भागायची तो आटला होता. टँकरची वाट बघायची, घरातली झाडून सगळी भांडी भरायची. अशा दिवसांत फोटो धुणं म्हणजे चैनच. साधा प्रिंटसुद्धा वाहत्या पाण्यात धुवायचा असतो, जाड फायबरच्या कागदाला तर तासभर. मी वाहतं पाणी सोडून बादल्या वापरायला लागलो: एका बादलीत पहिली खंगाळणी, दुसरीत दुसरी, तिसरीत शेवटची. वर स्वतःवर खूश, की बघा, किती काटकसर!

काटकसर घरात सगळेच करत होते. भाज्या धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं संडासात. आणि आई वरच्या मोरीच्या बाहेर ठेवलेल्या बादल्या गच्चीवरच्या कुंड्यांना घालत होती. मी एकदा म्हणालो होतो, "हे शेवटचं पाणी तसं स्वच्छच असतं." त्यातला 'शेवटचं' हा शब्द माझ्याच डोक्यात राहिला.

वापरलेला हायपो पाण्यासारखाच नितळ दिसतो. हाच त्याचा खोडसाळपणा. फोटोच्या कागदावरची जी चांदी प्रकाश लागून काळी झाली नाही ती सगळी त्यात विरघळून येते (हा गुण जॉन हर्शेलनं १८१९ मध्ये शोधला), आणि डोळ्यांना काही म्हणजे काही दिसत नाही. पहिल्या खंगाळणीतही तो बराच उतरतो. आईनं किती दिवस कुठली बादली घातली, आता सांगता येत नाही. आधी गुलाब गेला, तो दुष्काळात गेला असं आम्ही समजलो. मग कढीपत्त्याची पानं कडेनं जळायला लागली. हिरवी उरलेली पानं रोज फोडणीत पडत होती.

मला कळलं ते एका संध्याकाळी तिला बादली ओतताना पाहिलं तेव्हा. मी ओरडलोच. ती दचकली, मग शांतपणे म्हणाली, "मला काय माहीत? तू कधी सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. मोरीला कुलूप होतं, बाटल्यांवर चिठ्ठ्या होत्या, मला मोजे होते, मास्क होता. सगळा बंदोबस्त दाराच्या आत. आणि दाराबाहेर दोन बादल्या, आईच्या हाताशी, काही न लिहिलेल्या. कोणाला काही झालं नाही. पण पुढचे कित्येक महिने आईचं डोकं दुखलं, बाबांचं पोट बिघडलं, की माझ्या पोटात गोळा यायचा.

त्यानंतर हायपो आणि पहिली खंगाळणी काळ्या कॅनमध्ये जायला लागली. त्यात भांडी घासायच्या बारीक तारेसारखी लोखंडी लोकर टाकून ठेवली की लोखंड विरघळतं आणि चांदीचा काळा गाळ तळाशी बसतो. पोलादाच्या गावात लोखंडाला काय तोटा! कॅन भरला की मी औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) ओळखीच्या एका कलर लॅबमध्ये त्यांच्या चांदी काढायच्या यंत्रासाठी नेऊन द्यायचो. गटारात नाही, कारण आमचं गटार शेवटी कुंडलिकेतच जातं. आणि आपल्या सेप्टिक टँकमध्येही नाही, तिथले जिवाणू मरतात.

तर भाचेबुवा, दिवाळीला मी येतोय. बायक्रोमेटची डबी आणि चिठ्ठी उडालेल्या सगळ्या बाटल्या तशाच ठेव, त्या मी घेऊन जाईन. कढीपत्त्याची कुंडी अजून गच्चीवर आहे, रिकामी. तिच्यात काही लावू नका.

हे सगळं काल आईला फोनवर वाचून दाखवलं. काट्याच्या ओळीला ती थांबली, "हं" म्हणाली, आणि पुढे वाच म्हणाली. शेवटी म्हणाली, "त्याला सांग, बादलीवर मोठ्या अक्षरांत लिही म्हणावं. मी चष्मा लावायला विसरते."