वसईतील नकारांची नोंद





वसई-विरारमधील भेदभाव आणि सामाजिक एकसंधता या विषयावरील आपल्या संशोधनाचा आराखडा मेहनतीने केलेला आहे; मात्र सोपाऱ्याचा स्तूप, वसईचा किल्ला आणि शेजारीशेजारी उभी असलेली देवळे व चर्च यांच्या वर्णनाने आरंभ करून येथील सलोखा त्यात आधीच गृहीत धरलेला दिसतो. भेदभाव म्हणजे पात्रता समान असूनही जात, धर्म, भाषा किंवा मूळ प्रांत पाहून एखाद्याला संधी नाकारणे, आणि एकसंधता म्हणजे परस्परांवरचा विश्वास व एकत्र येऊन काही करण्याची समाजाची क्षमता. यांपैकी एक वाढली की दुसरा आपोआप घटतो, हे आराखड्याचे मूळ गृहीतक होय. वसईचा अलीकडचा इतिहास मात्र त्याला साथ देत नाही.

1990 साली सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाची या भागासाठी नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, त्या सुमारास कॅथॉलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली होती. जमिनी बिल्डरांच्या हाती जाऊ नयेत आणि विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ नये, या मागण्यांसाठी सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ व इतर बागायतदार धर्माची रेषा ओलांडून एकत्र आले. ही एकसंधता खरी होती आणि तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्यांच्याकडे वाडी होती, विहीर होती आणि म्हणून राखण्यासारखे काही होते, त्यांची ती एकसंधता होती. टँकरच्या दुसऱ्या टोकाला हंडा घेऊन उभे असलेले नालासोपाऱ्याच्या चाळीतले बिगारी कुटुंब, किंवा तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातला वारली आणि कातकरी आदिवासी, यांचे त्या ऐक्यात कोणते स्थान होते, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. 2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि 53 गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा तिच्यातून गावे वगळण्यासाठी झालेल्या आंदोलनाकडेही याच दृष्टीने पाहता येईल. त्यात ग्रामस्वायत्ततेचा आग्रह किती आणि नव्याने आलेल्यांविषयीची अढी किती, हे वेगळे काढणे अवघड आहे, पण संशोधनाचे काम तेथेच आहे.

नकाराचा सर्वात ठळक पुरावा घरांच्या व्यवहारात सापडतो. गेल्या दशकात वसईतील एका गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांनी मुस्लीम खरेदीदाराला सदनिका विकण्यास लेखी विरोध केला आणि प्रकरण पोलिसांत जाऊन गुन्हा दाखल झाला. असे कागद दुर्मीळच. एरवी संस्थेचा ‘ना हरकत दाखला’ लांबवला जातो, अनामत वाढवून सांगितली जाते किंवा दलाल ‘जागा कालच गेली’ म्हणतो, आणि यांपैकी कशाचीच नोंद कोठे उरत नाही. कायद्याची स्थितीही संदिग्ध आहे: 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व पारशांपुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरवला, त्यामुळे समाजापुरती संस्था आणि शेजाऱ्याला नाकारणारी संस्था यांतील सीमा धूसर राहिली.

नोंदींची ही उणीव भरून काढण्यासाठी जोडी-चाचणी वापरली जाते, म्हणजे उत्पन्न व नोकरी समान परंतु आडनावे वेगवेगळी असलेले अर्जदार एकाच घरासाठी पाठवून मिळणाऱ्या उत्तरांची तुलना केली जाते. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात व सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांविषयी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दलितांना आणि त्याहूनही अधिक मुस्लिमांना नकार मिळाल्याचे दिसले. वसईत मात्र ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही, कारण परेरा किंवा डिसोजा हे आडनाव सामवेदी बागायतदाराचे असू शकते तसेच गोव्या-मंगळुरूहून आलेल्या कुटुंबाचेही. दलाल हा फरक आडनावावरून नव्हे, तर बोलीवरून ओळखतो. जनगणनेच्या धर्माच्या रकान्यात तर कोळी ख्रिस्ती आणि केरळचा ख्रिस्ती एकत्रच मोजले जातात. म्हणून येथील चाचणीत नावाइतकेच उच्चारालाही महत्त्व द्यावे लागेल, आणि दूरध्वनीवरील व प्रत्यक्ष भेटीतील उत्तरे स्वतंत्रपणे नोंदवावी लागतील.

एकसंधता मोजताना राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी 2002 च्या ग्रंथात मांडलेला भेद येथे उपयोगी पडतो: सणाला फराळ देणे-घेणे हा दैनंदिन संबंध होय, तर पतपेढी, कामगार संघटना, व्यापारी मंडळ यांतील एकत्र सभासदत्व हा संघटित संबंध, आणि शहरांत ताण आल्यावर दुसराच अधिक टिकतो. पहिला प्रकार वसईत मुबलक आहे, आणि आराखड्याची जवळजवळ सारी प्रश्नावली त्याच्याभोवतीच फिरते. दुसऱ्या प्रकारासाठी सहकारी संस्थांच्या सभासद-याद्या तपासाव्या लागतील. 1918 मध्ये स्थापन झालेल्या बॅसीन कॅथॉलिक बँकेसारख्या, एका समाजाच्या गरजेतून उभ्या राहिलेल्या संस्थांचे व्यवहार पुढे किती आणि कोणत्या बाजूने विस्तारले, हे त्यातून कळू शकेल.

सर्वेक्षणाची पहिली फेरी नाताळ किंवा गणपतीच्या दिवसांत ठेवू नये, कारण त्या काळात सगळेच शेजाऱ्यांविषयी चांगले बोलतात. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, जेव्हा भाडेकरार बदलतात आणि पाण्याची टंचाई असते, तेव्हा ती घ्यावी. नकार देणाऱ्याचे नाव, इमारत व सदनिका क्रमांक टिपणवहीत उतरवू नये. सुधारित प्रश्नावली तयार होताच टपालाने पाठवावी.