सोळा मिलिसेकंदांचा जामीन

कान म्हातारा होऊ लागला की आधी उंच स्वर जातात, हे ज्या घरात गाणे आहे तेथे पुस्तकावाचून कळते. तथापि लखनौच्या नाझा मार्केटमधल्या माझ्या टेबलाशी बसणाऱ्या शागिर्दाने परवा एका एसएमपीएसची, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीची, कॉइल भाराखाली शिट्टी घालते आहे असे सांगितले आणि मला पंख्याच्या वाऱ्याखेरीज काहीही ऐकू येईना, तेव्हा ते ज्ञान अंगाला लागले. आमचे कुटुंब लखनौला आले ते भातखंड्यांच्या प्रयत्नाने 1926 साली निघालेल्या मॅरिस संगीत महाविद्यालयामुळे. आजोबांनी तेथे रातंजनकरांच्या तालमीत कमावलेला कान वारशाने माझ्याकडे आला आणि मी तो गेमिंगचे संगणक जोडण्यात खर्च केला, याची लाज वाटण्याऐवजी मला आजवर गर्वच वाटत आला. गिऱ्हाइकासमोर डोळे मिटून, पेटीला कान लावून, ‘ही ठेवा, ती परत पाठवा’ असा निवाडा देण्यात जो दरबारी थाट होता, त्याची गोडी मला मजुरीहून अधिक होती.

परंतु या शहरात जे खरोखर पारखावयाचे असते ते कोणत्याही कानाच्या टप्प्यात येत नाही. ज्येष्ठात पारा 45 अंशांकडे सरकतो, मोहल्ल्याचा ट्रान्सफॉर्मर एसींच्या ओझ्याने दमतो, वीज जाते आणि इन्व्हर्टरचा रिले पलटतो. या दोन घटनांमध्ये जे रिकामे अंतर पडते ते यूपीएस चांगला असल्यास दहा मिलिसेकंदांच्या आत मिटते, आणि इन्व्हर्टर पंख्या-दिव्यांसाठीच्या मोडवर ठेवलेला असल्यास त्याच्या दुपटी-तिपटीपर्यंत लांबते. तेवढ्या अवधीत सारी मदार पेटीतल्या मुख्य कपॅसिटरवर असते. सुमारे 380 व्होल्टपर्यंत भरलेले ते नळकांडे, भिंतीतून काहीही येत नसताना, 12 व्होल्टची लाइन 11.40 च्या खाली जाऊ न देण्याचा जामीन राहते. आणि त्याची शिदोरी सरत आली की ‘पॉवर गुड’चा इशारा मागे घेतला जाऊन, ऐन लढाईच्या मध्यावर, संगणक पुन्हा सुरू होतो.

या जामिनाची मुदत किती, याच प्रश्नाभोवती मी अलीकडे घिरट्या घालीत असतो. अशा पेट्यांसाठीच्या एटीएक्स मार्गदर्शिकेने ऐंशी टक्के भारावर सुमारे 16 मिलिसेकंदांची अपेक्षा ठेवली आहे. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तनच 20 मिलिसेकंदांचे, म्हणजे सारा व्यवहार एका आवर्तनाच्या आत उरकावयाचा. भार निम्मा असला की तीच शिदोरी जवळजवळ दुप्पट वेळ पुरते; म्हणून चारशे वॅटची गरज असलेल्यास मी साडेआठशेची पेटी सुचवितो, ती शक्तीसाठी नव्हे, वेळेसाठी. येथवर हिशेब सरळ आहे. अडते ते पुढे. कपॅसिटरमधला द्राव उष्णतेने हळूहळू सुकतो, दर दहा अंशांच्या वाढीगणिक त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि त्याची धारणशक्ती घटत गेली की पहिल्या दिवशीचे सोळा चौथ्या उन्हाळ्यात किती उरतील याचा दाखला कोणीही देत नाही: ना पेटीचे वजन, ना माझा कान, ना शागिर्दाचा ऑसिलोस्कोप. वजनावर तर आम्हा जुन्या लोकांची केवढी श्रद्धा! परंतु आजचे कार्यक्षम एलएलसी (रेझोनंट) रचनेचे पुरवठे उष्णता कमी टाकतात, त्यामुळे त्यांना ॲल्युमिनियमचे अवजड पंख लागत नाहीत, आणि हलकी पेटीही उत्तम निघते.

बाजारात मात्र सोनेरी बिल्ल्याचा जयजयकार चालला आहे. ‘80 प्लस’ हे शिक्कामोर्तब कार्यक्षमतेचे, तेही 23 अंश तपमानातले. त्यात वीज गेल्यानंतरच्या मुदतीची विचारणाही नसते. असे असता शेजारचे दुकानदार बिल्ला दाखवून दीर्घायुष्याची हमी देतात, आणि त्यांच्याहून बेगुमान मंडळी काचेच्या कॅबिनेटसोबत ‘पाचशे वॅट’ अशी चिठ्ठी डकवलेली पेटी फुकट देतात. त्या पेटीतला कपॅसिटर 85 अंशांचा आहे की 105 चा, हे विचारणारे गिऱ्हाईक आता दुर्मीळ झाले आहे. दिवे किती रंगांचे, हे सर्वच विचारतात.

शागिर्दाची पद्धत निराळी आहे. तो खेळाचा पूर्ण भार चढवितो, प्रोब जोडतो आणि निर्विकारपणे प्लग उपटतो. प्रथम मला ते पाहवेना, मग मीच पडद्यावरची रेषा कोठे कोसळते ते मोजू लागलो, आणि आता पेटी वीज कधी सोडते यावर त्याच्याशी चहाची पैज लावतो. वाद एकच उरला आहे: ज्याच्या घरी चौकोनी लहरीचा जुना इन्व्हर्टर आहे त्याला ॲक्टिव्ह पीएफसीची (पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या मंडलाची) पेटी विकावी की नाही. त्या लहरीवर असले काही पुरवठे कुरकुरतात, काही बंद पडतात, काही निमूट चालतात. आणि कोणते कसे वागतील हे घरी जोडून पाहिल्यावाचून सांगता येत नाही, असे त्याचे म्हणणे. मी गिऱ्हाइकाला सांगतो की पैसे उरले तर आधी शुद्ध साइन लहरीचा यूपीएस, कॅबिनेट मागाहून. शेजारी याला माझी विक्रीची हातोटी समजतात. वस्तुतः त्या यूपीएसवर मला फारसे सुटत नाही. पण मी इतका धूर्त आहे अशी वदंता बाजारात पसरली असेल, तर ती खोडून काढण्याची घाई मला नाही.