लोहारद्याचा चैत्र आणि एक जुने घर

चापड्याला इंदूर-नेमावर रस्ता सोडून बागलीकडे वळले, की माळव्याचे सपाट काळे रान हळूहळू मागे पडते आणि विंध्याचे डोंगर जवळ येऊ लागतात. फाल्गुनात या वाटेने जाणाऱ्याला पळसाची सोबत असते. पाने झडून गेलेली आणि फुलांनी पेटलेली ती झाडे पाहत, मोहाची फुले वेचायला पहाटेच निघालेल्या बायामुलांना ओलांडत, उतार उतरून आपण लोहारद्याला पोचतो. देवास जिल्ह्याच्या दक्षिण अंगाचे हे लहानसे गाव. आमचे आजोळ नव्हे, आमचे मूळ घर. २०२५ च्या फाल्गुनात आम्ही तिथे गेलो, ते मात्र ते घर विकण्यासाठी.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या आपल्यापैकी अनेक कुटुंबांवर ही वेळ आली आहे किंवा यायची आहे, म्हणून ही हकिकत सविस्तर सांगावीशी वाटते.

अठराव्या शतकात पवार, होळकर आणि शिंदे माळव्यात स्थिरावले, आणि त्यांच्या मागोमाग दप्तर सांभाळणारे, हिशेब ठेवणारे, पूजा सांगणारे लोक नर्मदा ओलांडून आले. धारला पवारांची एक गादी झाली. देवासला तुकोजीराव आणि जिवाजीराव या भावांच्या वंशाने थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात चालवली. धारच्या किल्ल्यात १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, हे तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक असे. १९४८ मध्ये मध्य भारत झाला. देवासच्या दोन्ही पात्या, होळकरांकडचे कन्नोद-खातेगाव, शिंद्यांकडचे सोनकच्छ आणि बागलीची ठाकुरात असे नाना धन्यांचे तुकडे एका जिल्ह्यात आले. १९५६ मध्ये त्यावर मध्य प्रदेशाचे नाव चढले. धनी बदलले, परगण्यापरगण्यांत विखुरलेली दक्षिणी घरे मात्र तशीच राहिली. इकडे आपल्याला अजूनही ‘दक्षिणी’च म्हणतात. दोन-अडीचशे वर्षे राहूनही दिशेची ती खूण पुसली गेलेली नाही, आणि आम्हांला तिचे वाईटही वाटत नाही.

आमचे घर म्हणजे धार-देवासच्या सरदारांच्या वाड्यांसारखा वाडा नव्हे. पुढे ओटा, मग ओसरी, मधे लहानसा चौक, आत माजघर आणि देवघर, मागे परसात विहीर. भिंती मातीच्या आणि हातभर जाडीच्या, खांब-तुळया विंध्याच्या सागाच्या, वर कवेलूंचे छप्पर. अशा छपराला दर वर्षी मृगाआधी माणूस चढवून कवेलू चाळून घ्यावे लागतात, कारण वर्षभर माकडे त्यांवरून उड्या मारत असतात. दोन वर्षे हे काम चुकले, की पाणी तुळईत मुरते. पाच वर्षे चुकले, की घर बसते. वीस वर्षे घराला कुलूप होते, तरी ते उभे होते, याचे कारण शेजारचे कुटुंब. किल्ली त्यांच्याकडे असे. दर ज्येष्ठात ते आपल्या छपराबरोबर आमचेही कवेलू चाळून घेत आणि खर्चाचा आकडा दिवाळीच्या पत्रात कळवीत. पुढे पत्राची जागा फोनने घेतली, एवढाच फरक.

आता गावातील घरांच्या बाजाराविषयी. लहान गावात घराला गिऱ्हाईक बारा महिने नसते. ते येते वसंतात. गहू-हरभरा निघालेला असतो, हाती पैसा येणार असतो, आणि लग्नसराई तोंडावर असल्याने मुलांच्या संसाराला जागा हवी असते. त्यातच जमिनीचे सरकारी दर, ज्याला इकडे ‘गाइडलाइन’ म्हणतात, ते १ एप्रिलपासून बदलतात. मुद्रांक शुल्क त्या दरांवर बेतलेले असल्याने मार्च संपण्यापूर्वी रजिस्ट्री उरकण्यासाठी लोकांची झुंबड उडते. गंमत अशी, की याच सुमारास आसपासच्या हिंदी घरांत खरमास असतो. सूर्य मीन राशीत आहे, म्हणून गृहप्रवेश नको, लग्न नको. म्हणजे कागद घाईने करायचा आणि पाऊल मात्र महिनाभर थांबवायचे! आपला गुढीपाडवा तर दर वर्षी मीनेच्याच सूर्यात येतो, कारण मेष संक्रांतीपूर्वीच्या अमावास्येनंतर चैत्र सुरू व्हावा, असा नियमच आहे. शेजाऱ्यांचा निषिद्ध काळ तो आपला साडेतीन मुहूर्तांतील पहिला. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन पंचांगे इतकी वर्षे सुखाने नांदली.

घराला दोन गिऱ्हाइके होती. एक बाहेरगावचा प्लॉटांचा व्यापारी. त्याला घर नको होते, जागा हवी होती. रस्त्याकडेला दुकानांचे गाळे काढायचे, असा त्याचा बेत उघड होता. भाव चांगला, पैसे रोख. अट एवढीच, की रजिस्ट्री ३१ मार्चच्या आत व्हावी. दुसरे गिऱ्हाईक म्हणजे आमचे शेजारी. धाकट्या मुलासाठी त्यांना घर जसेच्या तसे हवे होते. त्यांचा भाव कमी, आणि पैसा गव्हात अडकलेला. २०२५ च्या हंगामात मध्य प्रदेशात हमीभाव २४२५ रुपये आणि त्यावर राज्याचा १७५ रुपये बोनस, असा क्विंटलमागे २६०० रुपये दर होता. पण खरेदी केंद्रावर माल जाऊन पैसे खात्यात येईपर्यंत मार्च सरणार, हे कोणालाही दिसत होते.

आम्हां भावांचा कल कोठे झुकला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. एकाला पुण्यात कर्ज फेडायचे होते, दुसऱ्याच्या मुलीचे शिक्षण चालले होते. शेजाऱ्यांचे उपकार आम्ही मानत होतो. फक्त ते व्यवहारात धरायचे की कसे, हा प्रश्न एकमेकांना विचारायचे टाळत होतो.

अडले ते आत्यापाशी. आत्या देवासला दिलेली, आता ऐंशीच्या पुढे. पूर्वीची रीत अशी, की बहिणींसमोर हक्कसोडपत्र ठेवायचे आणि त्यांनी न वाचता सही करायची. वडिलांच्या मिळकतीत मुलीला वाटा १९५६ च्या कायद्यानेच मिळाला होता, आणि एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतही तिला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५ मध्ये मिळाला. पण कायदा कागदावर आणि रीत घरात, असेच चालत आले होते. आम्ही कागद पुढे केला, तेव्हा आत्याने चष्मा मागवला, दोन्ही पाने सावकाश वाचली आणि म्हणाली, “हक्क सोडायला मी काय तुमच्याशी भांडले आहे? विक्रीच्या कागदावर सही करीन, माझा वाटा घेईन; आणि घर कोणाला द्यायचे, ते मलाही विचारा.”

विचारण्यापूर्वीच उत्तर ठाऊक होते. चैत्र शुद्ध तृतीयेला आपल्याकडे चैत्रगौर बसते, आणि माळवा-निमाडात त्याच तिथीला गणगौर असते. लोहारद्यात हळदीकुंकवाला बोलवावे, अशी दुसरी मराठी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा आजी सगळी आळी बोलावी. आंब्याची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे आमच्या ओट्यावर वाटले जात, आणि शेजारच्या घरी गणगौरीसाठी टोपलीत पेरलेले गव्हाचे जवारे पाहायला आमच्या घरच्या मुली जात. आत्याने चैत्रांगण काढायचे ते त्या ओट्यासमोर, आणि गणगौरीची गाणी शिकली तीही तिथेच. देवासला १९४८ मध्ये प्रकृतीसाठी येऊन राहिलेल्या कुमार गंधर्वांनी माळव्याची लोकगीते गोळा केली, त्यांवर कार्यक्रम केले, ‘गीतवसंत’ रचला, हे आपण अभिमानाने सांगतो. ते स्वतः बेळगावकडून आलेले. परक्या मुलखातला माणूस दाराबाहेरचे गाणे कान देऊन ऐकू लागला, की तो मुलूख परका राहत नाही. आमच्या आत्याने तेच आपल्या परीने केले होते, कोणत्याही सभागृहाविना.

देवघराचाही एक प्रश्न होता. तिथे धाराजीहून आणलेले बाणलिंग आहे. नर्मदेच्या धावडी कुंडात पाण्याच्या माराने दगड घासून ही लिंगे तयार होत आणि तिथून देशभर जात. आमच्या परिसरातील लोक भुतडी अमावास्येला, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आदल्या अमावास्येला, तिथे स्नानाला जमत. ७ एप्रिल २००५ च्या रात्री, पाडव्याला दोन दिवस उरले असताना, नदीचे पाणी एकाएकी वाढले आणि साठाहून अधिक यात्रेकरू गेले. पुढे ओंकारेश्वर धरणाच्या पाण्याखाली ते कुंडच बुडाले. आता तसे लिंग तिथून निघणार नाही. आत्या म्हणाली, “नदीतली जागा गेली, ती कोणाला परत आणता येत नाही. आपली जागा आपल्या हातात आहे, तोवर विचार करा.”

त्या रात्री ओसरीत बसून आम्ही शेवटी ती बेरीज मांडली, जी इतके दिवस टाळत होतो. वीस पावसाळे कवेलू चाळले नसते, तर आज विकायला घर नव्हे, मातीचा ढीग असता. व्यापाऱ्याच्या भावातून शेजाऱ्यांचा भाव वजा केल्यावर जो फरक उरत होता, तो आमचा कधीच नव्हता. शेजाऱ्यांनी तो आमच्यासाठी राखला होता.

३० मार्चला, पाडव्याच्या दिवशी, लोहारद्याच्या ओट्यावर गुढी उभारली आणि इसार घेतला. नवा दर लागून शेजाऱ्यांचा खर्च वाढणार होता. त्यावर तोड निघाली, ती घर सुनेच्या नावे करण्याची. स्त्रीच्या नावे खरेदी झाल्यास नोंदणी शुल्क ३ ऐवजी १ टक्का, अशी सवलत राज्यात २०२१ पासून सुरू झाली आहे. गव्हाचे पैसे आले आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दस्त झाला. थोडी रक्कम उन्हाळी मुगावर राहिली, ती मुगानंतर पोचली. ऐंशीच्या वर वय असलेल्या विकणारीने सही केली आणि विशीतल्या घेणारीने केली. पुरुष मंडळी बाजूला आधारपत्रे हाताळत उभी होती.

बाणलिंग आत्या देवासला घेऊन गेली. टेकडीवरच्या देवीच्या छायेत ते आता नांदते आहे. घरातील देवघराचा कोनाडा सुनेने तसाच ठेवला. त्यात तिने गणगौर मांडायची असे ठरवले आहे. आमच्या नावाची पाटी उतरवावी, असे आम्हीच सुचवले. पाटी उतरली, पण गावात त्या घराला ‘दक्षिणींचे घर’ असेच म्हणतात, असे परवा फोनवर कळले.

घरे विकावी लागतात, आणि तिथे राहणारे कोणी नसेल तर विकलेलीच बरी. परंतु विकण्यापूर्वी घरच्या मुलींना विचारावे, आणि इतकी वर्षे किल्ली कोणी सांभाळली, याचा हिशेब भावात धरावा. यंदाच्या ज्येष्ठातही कवेलू चाळून झाले. खर्चाचा आकडा मात्र आता आम्हांला कोणी कळवत नाही, आणि त्याची चुटपुट लागते, हे खरे.