मीटर कोणतं?

सुरतेत लिंबायतला गेलात, तर आपण गुजरातमध्ये आहोत हे थोडा वेळ विसरायला होतं. दुकानात मराठी, गल्लीत अहिराणी. धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं पोटामागे इथं आली आणि कापडाच्या धंद्यात रुजली. तापीही त्यांच्याच मुलखातून वाहत सुरतेला येते.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला. सुरतच्या कापड व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवून पाहिले, पण हिशेब संगणकावर नेणं कुणाला चुकलं नाही. पुढच्या वर्षी एका कापड कंपनीच्या सगळ्या खात्यांत एकच सॉफ्टवेअर बसवायचं काम आमच्याकडे आलं. बिझनेस अ‍ॅनालिस्ट नेमणं माझ्याकडे होतं. हे अ‍ॅनालिस्ट काय करतात, असं आईनं विचारलं तेव्हा मी म्हटलं होतं, "दुभाषी गे! काम करणारा आणि प्रोग्राम लिहिणारा, यांच्या मधला."

मी चौघे नेमले. खरेदी, गोदाम, विक्री, हिशेब. मागावर कुणीच नाही. तिथं काय, ताका उतरतो, मीटर लिहायचे!

चाचणीच्या दिवशी लिंबायतचे एक जुने कारागीर आले. सगळे त्यांना आप्पा म्हणत. पडद्याकडे बघून ते म्हणाले, "हाई मीटर कोनतं शे, भाऊ?"

मागावरून उतरतं ते कोरं कापड. ते रंगाईला जातं आणि परत येतं तेव्हा बहुधा आटलेलं असतं. कारागिराची मजुरी मात्र कोऱ्या मीटरवर. आमच्या पडद्यावर मीटरचा रकाना एकच होता. माल रंगून आला की जुना आकडा पुसून नवा बसायचा. म्हणजे रंगाईत आटलेलं कापड कारागिराच्या मजुरीतून कापलं जाणार होतं. आमच्या चौघांना ते दिसलं नाही. मलाही नाही.

आप्पांना म्हटलं, रोज बैठकीला बसा. ते म्हणाले, "मग माग कोण चालवणार?" मीटरवर मजुरी घेणाऱ्याचा बैठकीतला तास फुकटच जातो. तरी दोन दिवस ते आले, बारा तासांची पाळी संपवून, उभ्याने दमलेले. मला लाज वाटली. मग चौघांतला एक अ‍ॅनालिस्ट दुसऱ्या कामावर पाठवला आणि त्या खर्चातून आप्पांचे तास भरून दिले. मालकाला पटवायला आठवडा लागला. रकाने दोन झाले.

आपण गोंयकार घरात कोंकणी, देवळात मराठी, कचेरीत इंग्रजी बोलतो. दुभाषीपण आपल्या अंगातच आहे असा माझा समज होता. आप्पा घरी अहिराणी, मालकाशी गुजराती आणि ओडिया सोबत्यांशी हिंदी बोलत. शिवाय त्यांना मागाची भाषा येत होती. ती मी शिकलो नव्हतो.

आता नवं काम आलं की माणसांच्या यादीतली पहिली ओळ मी कोरीच ठेवतो. कारखान्यात फिरून आल्यावर भरतो.