चेंडू मागे, आपण पुढे

नाहूर स्टेशन २००६ साली सुरू झालं. त्याआधी लोकल पकडायला आम्हाला भांडुप नाहीतर मुलुंड गाठावं लागे. स्टेशन झालं, आम्ही कॉलेजात गेलो आणि पावसाळ्यातल्या रविवारी सकाळची धीमी लोकल धरून आम्ही चौघे दोस्त व्हीटीला जाऊ लागलो. घरी अम्मी विचारायची, "क्रिकेटच ना रे?" आम्ही मान हलवायचो. तेवढं एक खोटं आमच्या हिशेबी आहे. आम्ही रग्बी खेळायला जात होतो.

आझाद मैदानाला लागून बॉम्बे जिमखान्याचं मैदान आहे. १८७५ साली साहेबलोकांनी स्वतःसाठी काढलेला हा क्लब. भारतातली पहिली क्रिकेट कसोटी १९३३ साली इथेच झाली. पाऊस लागला की तिथे रग्बी रंगते. आम्ही ती पहिल्यांदा कुंपणाबाहेर उभं राहून पाहिली. चिखलाने माखलेले तीस गडी आणि लांबट अंडाकृती चेंडू. पहिल्या दिवशी वाटलं, ही मारामारी आहे. दुसऱ्या दिवशी कळलं, मारामारीला एवढे नियम नसतात.

त्यातला मुख्य नियम असा की हाताने चेंडू पुढे फेकायचा नाही. फेकायचा तो मागे किंवा आडवा. स्वतः धावून पुढे जायचं आणि अडलो की मागून येणाऱ्या साथीदाराकडे द्यायचा. म्हणजे पुढे जाणाऱ्याचा भरवसा मागच्यावर. मैदानाच्या टोकाला, गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की पाच गुण. नंतर खांबांच्या वरून लाथेने मारला की आणखी दोन. आणि पकडून खाली पाडलं गेलं तर चेंडू लगेच सोडावा लागतो. पाडणाऱ्यानेही पडलेल्याला सोडायचं. आम्ही गल्लीत कबड्डी खेळून वाढलेली पोरं, पकड आम्हाला नवी नव्हती. पण कबड्डीत पकडलेल्याला सोडायचं नसतं आणि इथे लगेच सोडायचं, हे अंगवळणी पडायला आमचा एक पावसाळा गेला.

आमच्यातला एक दोस्त चांगलाच जाडा होता. मोहल्ल्याच्या क्रिकेटमध्ये त्याला कायम अंपायर करायचे. रग्बीत मात्र पंधरापैकी आठ जण पुढच्या फळीचे. दोन्हीकडचे आठ-आठ खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. त्यात सर्वांत पुढे वजनदारच माणूस लागतो. किडकिडीत आणि पळणारा असेल त्याची जागा कडेला. उंच असेल त्याला रेषेवर उचलून धरतात. आमचा दोस्त पहिल्यांदा स्क्रममध्ये शिरला आणि समोरची फळी दोन पावलं मागे गेली. परतीच्या गाडीत तो कुर्ल्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. नुसता हसत होता.

आजही चौघे जमलो की आठवण निघते ती अशी. किती सामने जिंकलो ते आठवत नाही. आठवतं ते हे की पंचाला सगळे 'सर' म्हणायचे आणि हुज्जत फक्त कर्णधाराने, तीही अदबीने घालायची. सामना संपला की जिंकणारे दोन रांगा करून हरणाऱ्यांना टाळ्या वाजवत मधून जाऊ द्यायचे. त्यानंतरच्या गप्पा-खाण्याला रग्बीवाले 'तिसरा हाफ' म्हणतात. साहेबांच्या देशात तो बिअरवर होतो. आमचा कटिंग चहा आणि वडापाववर झाला आणि त्यात काही उणं राहिलं नाही.

आता कटू गोष्ट. त्या जाड्या दोस्ताचा गुडघा एका सामन्यात गेला. ऑपरेशन झालं, तरी आज पस्तिशीत तो खुर्चीवर बसून नमाज पढतो. आणि गुडघा तरी दिसतो. इंग्लंडचा स्टीव्ह थॉम्पसन २००३ साली विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. डोक्याला बसलेल्या माराने त्याची स्मृती क्षीण झाली. तो विजयच आपल्याला आठवत नाही, असं त्याने २०२० साली सांगितलं. हे वाचून आम्ही बराच वेळ गप्प होतो.

आमच्यापैकी दोघे बी.एड. करून उर्दू शाळेत शिकवतो. २०२५च्या जूनमध्ये अंधेरीच्या क्रीडासंकुलात रग्बी प्रीमियर लीगची पहिली स्पर्धा झाली. सहा संघ, सात-सात जणांचा छोटा खेळ. घाटकोपरहून मेट्रोने आझाद नगरला उतरून आम्ही काही मुलांना दाखवायला नेलं. त्यात आठवीतला एक अंगाने थोराड मुलगा होता. वर्गात त्याला सगळे 'हत्ती' म्हणतात. येताना मेट्रोत तो म्हणाला, "सर, यात जाडे पण चालतात?"

चार दिवसांनी त्याची अम्मी शाळेत आली. "सर, याचे अब्बा आखातात आहेत. हातपाय मोडून घेतला तर मी एकटीने कुठे धावू?"

आमच्याकडे पाठ केलेली उत्तरं होती. खेळाने शिस्त येते वगैरे. पण स्वतःच्या अम्मीला बोललेलं खोटं आठवलं, म्हणून त्या दोस्तालाच बोलावलं. तो लंगडत आला आणि सगळं खरं सांगितलं. तिने विचारलं, "मग पस्तावा होत नाही, भाईजान?"

"जिना चढताना होतो," तो म्हणाला. "पण आपा, त्या दिवशी मला उचलून नेणाऱ्यांत निम्मे समोरच्या टीमचे होते. आणि त्याआधी मला कुणी टीममध्येच घेत नव्हतं."

ती थोडा वेळ मुलाकडे बघत राहिली. शेवटी तडजोड झाली. दोन वर्षं फक्त स्पर्शाची रग्बी. त्यात पाडायचं नसतं, हात लावला की थांबायचं. पुढे शिकलेला प्रशिक्षक मिळाला आणि तिची परवानगी असली तरच खरा खेळ. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी खेळ बंद, मूल कितीही रडलं तरी. आम्ही हे कागदावर उर्दूत लिहून सह्या केल्या.

आमच्या शाळेला मैदान नाही. रविवारी मोकळ्या जागेत विटांची खूण करून बारा-तेरा मुलं खेळतात. परवा त्याच्या अम्मीचा फोन आला. आमच्या छातीत धस्स झालं. ती म्हणाली, "सर, कपड्यांचा चिखल निघत नाही. कशाने धुवायचे?"

आम्ही आपापल्या घरी अम्मीला विचारलं. इतक्या वर्षांनी सगळं सांगावंच लागलं.