फुलाची पाकळी

पाटोदा तालुक्यात हिवाळ्यात महाविद्यालयांची सात दिवसांची श्रमसंस्कार शिबिरं लागतात. दात तपासायला डॉक्टर लागतो, कायद्यावर बोलायला माझ्यासारखा वकील. फी कुणी ठरवत नाही, विचारणंही बरं दिसत नाही. भाषण झालं की शाल, नारळ, आणि गाडीपर्यंत सोडायला आलेले सर हळूच खिशात पाकीट सरकवतात: "फूल नाही, फुलाची पाकळी समजा." आत ५०१ रुपये.

मला त्यातला वरचा एक रुपया फार मोलाचा वाटतो. नुसते पाचशे दिले असते, तर मनातल्या मनात का होईना, माझ्या सकाळचा हिशेब मांडला गेला असता आणि कमीच भरला असता. त्या एका रुपयामुळे ही मजुरी नाही, हे दोघांनाही न बोलता कळतं.

हाच फरक एका प्रयोगातही दिसला. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांना घरोघरी देणग्या गोळा करायला पाठवलं होतं. काहींना काहीच दिलं नाही, काहींना जमलेल्या रकमेच्या एक टक्का, काहींना दहा टक्के. फुकट फिरलेल्यांनी सर्वांत जास्त पैसे आणले, एक टक्कावाल्यांनी सर्वांत कमी. या प्रयोगावरचा त्यांचा निबंध २००० साली आला. एक टक्का हा भाव झाला, तोही पडेल भाव. उलट संगणकतज्ज्ञ डोनाल्ड कनूथ आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवत. कित्येकांनी तो वटवलाच नाही, चौकट करून भिंतीवर लावला. आपल्याकडची शाल कपाटात जाते, एवढाच फरक!

पण शिबिराच्या गावात निम्म्या घरांना कुलूप असतं. माणसं मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलेली. तिथे पैसा आधी, मग टनावर घाम. मागे राहिलेली पोरं अंगणवाडीत. तिथल्या सेविकेलाही सरकार पगार देत नाही, मानधनच देतं. मला पाकळी परवडते, कारण माझी चूल कोर्टातल्या फीवर पेटते. तिचं काम रोजचं, नोंदवह्या रोजच्या, आणि पैसे मात्र समाजसेवेबद्दल आभार मानावेत तसे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या सेविका संपावर गेल्या, तेव्हा त्यांनी मानधनवाढीबरोबर निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटीही मागितली.