कोरीव चौकट आणि शिकणारा हात

नरडाणा हे नाव बहुतेकांना माहीत असते ते सुरत-भुसावळ लोहमार्गावरील स्थानक म्हणून, नाहीतर मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या औद्योगिक वसाहतीमुळे. परंतु या परिसरातील जुन्या वस्त्यांत धाब्याच्या घरांच्या ओळीत एखादी कोरीव चौकट आम्हांला अजूनही भेटते. वर गणेशपट्टी, बाजूंना वेलबुट्टी, आत सागवानी खांब आणि तुळईला आधार देणारे नक्षीदार हस्त. कोरणाऱ्याचे नाव मात्र कुठेच नसते.

त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’मुळे बलुतेदार सुतार मराठी वाचकाच्या परिचयाचा झाला. पण बलुते मिळे ते नांगर-वखराच्या कामाचे. घरबांधणीची मजुरी निराळी. नक्षीकाम तर सर्वस्वी वतनदार, सावकार, व्यापारी यांच्या ऐपतीवर आणि हौसेवर अवलंबून. तो आश्रय सरला तेव्हा सुतार उरला, नक्षी गेली. पुढे सिमेंटच्या घरांनी आणि ट्रॅक्टरने सुताराचेही काम आटवले. आता वाडा पडतो तेव्हा चौकट जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे जाते आणि शहरातल्या एखाद्या दिवाणखान्यात आरशाभोवती बसवली जाते.

कला वाचवायची म्हणजे नेमके काय वाचवायचे? लाकूड संग्रहालयात ठेवता येते. हात ठेवता येत नाही. लाकडाच्या रेषेविरुद्ध पटाशी गेली की ढलपी उडते, हे पुस्तकात वाचून कळते. पण ती उडण्याआधी मनगटाने थांबावे, हे जाणत्याशेजारी बसल्यावाचून येत नाही.

असे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत पुढे लॉर्ड रे यांच्या नावाने हस्तकलांच्या कार्यशाळा निघाल्या. सावंतवाडीत शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात गंजिफा आणि लाखकाम यांना पुन्हा उभारी दिली. एका वृद्ध चिताऱ्याकडून त्यांनी आधी स्वतः विद्या घेतली, मग राजवाड्यातच इतरांच्या हाताला काम दिले. चीनमध्ये झेजियांग प्रांतातील दोंगयांगचे काष्ठशिल्प २००६ साली राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत आले. सावंतवाडीचा धडा आम्हांला अधिक जवळचा वाटतो: शिकवणारा हयात असतानाच शिकणारा हवा, आणि शिकल्यावर त्याला गिऱ्हाईक हवे. यांतले एक जरी नसले तरी प्रशिक्षण म्हणजे केवळ प्रमाणपत्र.

खानदेशात शिकवणारा कुठे शोधायचा, हा प्रश्न उरतोच. कदाचित जुन्या चौकटींची दुरुस्ती हीच पहिली शाळा ठरेल. मोडलेली पाकळी पुन्हा कोरताना नवा कारागीर अनामिक पूर्वजाच्या हाताची चाल उलगडत जातो. पाठ तुटलेल्या पोथीवरून संपादक संहिता सिद्ध करतो, त्याहून हे फार निराळे नाही.

आम्हां साहित्याच्या शिक्षकांना याचे सोयरसुतक का असावे? हस्त, तुळई, कडीपाट, देवळी, दिंडीदरवाजा हे शब्द आम्ही वर्गात शब्दार्थ म्हणून फळ्यावर लिहितो. विद्यार्थी ते उतरवून घेतात आणि परीक्षेनंतर विसरतात. ज्याने एक हस्त कोरला, त्याला तो शब्द पाठ करावा लागत नाही. वस्तू, हात आणि शब्द एकाच वेळी मरतात. जगवायचे तर तिन्ही एकदमच जगवावे लागतील.